पोरीच्या गाडीला जीपीएस लावा आणि तिला सांगू नका, म्हणे!

परवा रात्री साडेनऊला ताईचा फोन आला. "तो मेसेज वाचलास ना? उद्या पोरीची गाडी पाठवते. सर्व्हिसिंगला म्हणून सांगते तिला. तू गुपचूप ते मशीन बसव." ताई पालीला असते. भाची २३ वर्षांची, रत्नागिरीत नर्स आहे, स्कूटरने जाऊन-येऊन करते. मी लांज्यात गेली १६ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि जीपीएस ट्रॅकरही बसवतो. म्हणजे ह्या मेसेजने माझा धंदाच वाढणार आहे. तरी तो वाचून डोकं फिरलं.

मेसेजात थोडक्यात असं आहे. सरकारने दुचाकीला जीपीएस सक्तीचा केलाय, नव्या नंबरप्लेटमध्ये तो असतोच. ट्रॅकर लावलेली गाडी चोरीला जाऊच शकत नाही, एका एसएमएसवर इंजिन बंद पडतं. माहिती थेट उपग्रहाकडे जाते, म्हणून मालकाशिवाय कोणाला काही दिसत नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: मुलीच्या, सुनेच्या गाडीला आजच लावा, तिला सांगू नका, ज्यांचं मन साफ त्यांना कसली भीती?

सक्तीचं आधी उरकून टाकतो. खोटं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२५-एच हा नियम नोव्हेंबर २०१६ मध्ये निघाला तो बस, टॅक्सी असल्या प्रवासी वाहनांसाठी. दुचाकी त्यातून स्पष्ट शब्दांत वगळली आहे. आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना जी नवी प्लेट लावायला सांगतायत, ती ॲल्युमिनियमची पट्टी आहे. त्यावर होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, बस्स. बॅटरी नाही, वायर नाही. बिनबॅटरीचा ट्रॅकर मी तरी अजून पाहिला नाही.

चोरीच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. माझ्याच एका गिऱ्हाइकाची मोटारसायकल रत्नागिरी स्टेशनच्या बाहेरून गेली होती. तो मुंबईहून तिसऱ्या दिवशी परत आला तर गाडी जागेवर नाही. ट्रॅकर होता म्हणून ती मलकापूरच्या पुढे सापडली. पण आंबा घाटात रेंज गेल्यावर ठिपका दोन तास साखरप्यालाच उभा होता, आणि चोर नवखा होता म्हणून वायर शाबूत राहिली. सराईत चोर आधी सीट उचलतो. वायर तोडली की मशीनच्या आतली बोटाएवढी बॅटरी काही तास चालते, मग संपलं. हँडललॉक आणि डिस्कलॉक लावा, स्टेशनवर गाडी ठेवायची तर ट्रॅकरही लावा, माझी ना नाही.

इंजिन बंद करण्याचं मात्र कौतुक नको. त्यासाठी रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवून इग्निशनची नाहीतर पेट्रोलपंपाची वायर तोडून जोडावी लागते. उतारावरच्या वळणावर, पावसात, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर काय होतं ते मी इथे लिहीत बसत नाही. आणि हुकूम फक्त मालकच देईल हे कशावरून? २०२२ च्या जुलैत अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने मायकोडस कंपनीच्या एमव्ही ७२० या ट्रॅकरबद्दल जाहीर इशारा दिला होता. तपासणाऱ्यांना काय सापडलं? कारखान्यातून येणारा पासवर्ड १२३४५६, आणि एसएमएसने दिलेले काही हुकूम मशीन पासवर्ड न विचारताच पाळतं. हे मशीन इंधन तोडू शकतं. माझ्या दुकानात वेगळ्या कंपनीचा माल येतो, पण पहिला पासवर्ड तोच असतो, १२३४५६. बदलून देतो म्हटलं की दहातले आठ जण म्हणतात, राहू दे, लक्षात राहील.

आता 'मालकाशिवाय कोणाला दिसत नाही'. उपग्रहाकडे काहीच जात नाही. उपग्रह वरून वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतो, मशीन ते ऐकून आपण कुठे आहोत याचा हिशेब करतं. पुढे ती जागा मशीनमधल्या सिमकार्डावरून कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून तुमच्या मोबाईलवर. त्या सर्व्हरवर कोण कोण बघतं ते तुम्हाला कोणी सांगत नाही. मी सांगतो, कारण त्यांतला एक मी आहे.

बसवणाऱ्याला कंपनी डीलर खातं देते. फेब्रुवारीत रिचार्ज कोणाकोणाचे संपलेत ते बघायला मी रात्री अकराला ते उघडलं. नकाशावर ४०-एक ठिपके, प्रत्येकावर गाडीचा नंबर. एक भांबेडला, एक वाकेड घाटात, आणि एक गाडी एका घरासमोर. मागचं दाबलं तर आदल्या दोन रात्रीही तिथेच. ते घर गाडीवाल्याचं नव्हतं. कोणाचं आहे ते मला माहीत आहे, लांजा केवढंसं आहे! मी फोन पालथा ठेवला. मला हे कळायचं काही कारण नव्हतं, आणि त्या माणसाला आजही कल्पना नाही की मला कळलंय. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर?

आणि शेवटचं, 'तिला सांगू नका'. ह्याच्यासाठीच लिहायला बसलो.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ बायकोची स्कूटर घेऊन आले. मशीनची लाईट दिसता कामा नये म्हणाले. मी लाईटवर काळी टेप मारली, वायर गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्यात ओढून घेतली आणि पैसे घेतले. आठ महिन्यांनी त्या बाई स्वतः आल्या. गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, सेल्फ लागत नाही. मी सीट उचलली. त्या शेजारीच उभ्या होत्या. "ही डबी कसली हो?" मला खोटं बोलता आलं नाही. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "कधीपासून?" मी महिना सांगितला. मग त्या बोटांवर मोजायला लागल्या. मंगळवारचं माहेर, दातांचा डॉक्टर, मैत्रिणीकडचं हळदीकुंकू. "म्हणून विचारायचे, बँकेत पाऊण तास काय करत होतीस!" हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. आवाज चढला नव्हता, हात मात्र थरथरत होते. त्या दिवसापासून जो गाडी चालवतो त्याला सांगितल्याशिवाय मी मशीन बसवत नाही.

मन साफ असेल तर भीती कशाची, असं विचारणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा ८ जुलै २०२४ चा निकाल वाचावा. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान. अंमली पदार्थांच्या खटल्यातला आरोपी फ्रँक व्हायटस. जामीन देताना दिल्ली उच्च न्यायालयाने अट घातली होती की त्याने गुगल मॅपवर पिन टाकून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. आरोपीच्या हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट जामिनात घालता येत नाही, तो राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या खासगीपणाच्या हक्कावर घाला आहे. हा हक्क मूलभूत असल्याचं ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्येच सांगितलं होतं. निकाल पोलिसांबद्दलचा आहे, आई-बापाबद्दलचा नाही, हे मला समजतं. पण जी नजर अंमली पदार्थांच्या खटल्यातल्या आरोपीवरसुद्धा ठेवू देत नाहीत, ती रात्रपाळी करून घरी येणाऱ्या पोरीवर ठेवायची, तीही तिच्या पाठीमागे?

ताईची भीती खोटी नाही. हातखंब्यापासून पालीपर्यंत रात्री गाडी बंद पडली तर थांबायला धड जागा नाही. मी तिला म्हटलं, व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन ८ तास चालतं. पोरगी निघताना स्वतः चालू करील, पोचल्यावर स्वतः बंद करील. ताई म्हणाली, "आणि तिने केलं नाही तर?" "मग तिला विचार. माझ्या डबीला कशाला विचारतेस?" फोन आपटला तिने.

दुसऱ्या दिवशी भाची गाडी घेऊन आली. मी मशीन काउंटरवर ठेवलं आणि सगळं सांगितलं, डीलर खात्यासकट. तिने उलटसुलट करून बघितलं. "बसव मामा, गाडी चोरीला गेली तर हप्ते मलाच भरायचेत. पण ॲप माझ्या फोनवर, पासवर्ड माझा. आणि तुलाही दिसायचं नाही." रिले नकोच म्हणाली. तिची गाडी माझ्या यादीतून काढायला मी कंपनीला दोनदा फोन केला. तशी सोय नाही म्हणतात. मशीन अजून ड्रॉवरमध्येच आहे.