वीस कोटी डॉलर, शंभर जीबी आणि ताईचे साडेचार लाख

परवा रात्री साडेदहाला ताईचा मेसेज आला. खाली लांबलचक फॉरवर्ड आणि वर तिचा प्रश्न, "अगं, हे खरं आहे का? हा ॲडमिशन घ्यायचीच म्हणतोय." हा म्हणजे माझा भाचा. बारावी झालीय आणि गेम बनवायला शिकायचंय. फॉरवर्डचं नाव 'तुमचा मुलगा खेळतो ती गेम खरंच मोठी आहे का? ओळखा ६ कसोट्यांवर!' तळाला एका क्लासचा नंबर आणि डिप्लोमाची फी, साडेचार लाख. हाच फॉरवर्ड मला त्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा आला होता आणि मी तो दोन्ही वेळा न वाचता पुढे सरकले होते. ताईकडून आल्यावर वाचावा लागला.

कसोट्या अशा: बजेट २० कोटी डॉलरच्या वर हवं. मागे नामांकित कंपनी हवी. गेम किमान १०० जीबीची हवी. किंमत ७० डॉलर हवी. मोबाइलवर चालणारी नको. आणि जाहिरात निदान वर्षभर आधीपासून हवी. 'यात बसत नाही ती मेजर रिलीज नव्हे, टाइमपास. टाइमपास गेम बनवणाऱ्याला इंडस्ट्रीत किंमत नाही.'

तिसरीपासून सुरू करते. क्लासवाल्यांनी तिच्याच आधारावर पालकांना दीड लाखाचा लॅपटॉप घ्यायला सांगितलाय. १०० जीबीच्या खाली मोठी गेम नाही म्हणे! माझ्या फोनमध्ये त्या फॉरवर्डचं चित्र २१२ केबीचं दिसतंय. १९८५ची 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० केबीची होती. तीच, जी आपण पिवळ्या कॅसेटला फुंकर मारून, टीव्हीला वायर जोडून मे महिन्याच्या सुट्टीत खेळलो. म्हणजे गेम कशी ओळखावी हे सांगणारं चित्र जगातल्या सगळ्यात गाजलेल्या गेमपेक्षा पाचपट जड आहे.

जुना काळ सोडा म्हणाल, तर १२ मे २०२३ घ्या. त्या दिवशी निंटेंडोची 'झेल्डा : टिअर्स ऑफ द किंगडम' आली. स्विच हे २०१७चं यंत्र, त्यावर चालणारी, आकार २० जीबीच्या आत. पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती गेल्या. हिला टाइमपास म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

जीबी कशानं वाढतात हेही एकदा बघून घेऊ, क्लासमध्ये सांगतील असं वाटत नाही. प्रत्येक भिंतीचं, दगडाचं, कातडीचं चित्र फोर-केमध्ये ठेवलं, संवाद आठदहा भाषांत भरले, आवाज न दाबता तसाच ठेवला, की आकार फुगतो. आणखी एक कारण आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डेटा पटकन सापडावा म्हणून तोच डेटा मुद्दाम अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा ठेवतात. 'हेलडायव्हर्स २' या गेमचं असंच झालं होतं. पीसीवर ती दीडशे जीबीच्या वर गेली. डिसेंबर २०२५मध्ये बनवणाऱ्यांनी या दुबार प्रती काढून टाकल्या आणि ती २३ जीबीच्या आसपास आली. गेम तीच, शत्रू तेच, बंदुका त्याच. मग सोमवारी मेजर असलेली गेम मंगळवारी टाइमपास झाली का? घरातला माळा आवरला म्हणून घर लहान होत नाही.

आता बजेटची कसोटी. ही वाचायला सगळ्यात भारदस्त वाटते आणि ती हवेतून आलेली नाही, हे मान्य करते. जून २०२३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात एक खटला चालू होता. मायक्रोसॉफ्टनं ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड विकत घेऊ नये म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं तो लावला होता. त्यात सोनीच्या प्लेस्टेशन विभागाचे प्रमुख जिम रायन यांचं लेखी निवेदन सादर झालं. गुपित आकडे काळ्या मार्करनं खोडले होते, पण कागद स्कॅन केल्यावर शाईखालचं बरंच वाचता आलं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' : २२ कोटी डॉलर आणि जवळपास दोनशे माणसं. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' : २१ कोटी २० लाख डॉलर, पाच वर्षं आणि तीनशे माणसं. रुपयांत मांडलं तर एकेका गेमला १,७०० कोटींच्याही वर. फॉरवर्डमधले २० कोटी डॉलर याच गावचे.

मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या गेमना एवढा पैसा लागतो, हे खरं. पण म्हणून याहून कमी पैशात झालेली गेम मोठी नसते हे कुठून काढलं? सिंहगड चढून आलेला माणूस दमलेला असतो, म्हणून दमलेला प्रत्येक माणूस सिंहगडावरून आला असं आपण म्हणतो का? शिवाय हे आकडे आपल्याला कळले ते कुणीतरी मार्कर नीट चालवला नाही म्हणून. बहुतेक कंपन्या बजेट सांगतच नाहीत. जो आकडा कुणाला ठाऊक नसतो त्याच्यावर कसोटी लावायची कशी, हे क्लासवाल्यांनाच विचारायला हवं.

याच कसोटीची दुसरी बाजू फॉरवर्डमध्ये नाही. सोनीचीच 'कॉनकॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ला आली. मोठी कंपनी, अनेक वर्षांचं काम, जाहिरात सगळी रीतसर. ६ सप्टेंबरला ती बंद केली आणि लोकांचे पैसे परत दिले. चौदा दिवस! आपल्याकडे गणपतीसुद्धा दहा दिवस राहतात, ही चारच दिवस जास्त टिकली. आता, ती मेजर रिलीज होती का? माझ्या मते होती. आपटलेली मेजर रिलीज. इथे फॉरवर्डवाला आणि मी एका बाजूला आलो, याचं मला जरा वाईटच वाटतं.

कंपनीची कसोटी दोन ओळींत संपते. 'बाल्डर्स गेट ३' बनवणारी लारियन ही बेल्जियममधल्या गेंटची कंपनी. गेम तिनं स्वतःच प्रकाशित केली, वर कुणी मोठा शेठ नाही, आणि २०२३चा 'द गेम अवॉर्ड्स'मधला वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान तिलाच मिळाला. किंमतीचं तर बोलूच नये. जगभर खेळली जाणारी 'फोर्टनाइट' फुकट आहे. २०२५चा तोच मान मिळवणारी फ्रान्समधल्या माँपेलिएची 'क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्सपिडिशन ३३' ५० डॉलरला होती.

मोबाइलवर चालते म्हणून मोठी नाही, हे फक्त गाव न पाहिलेला माणूस लिहू शकतो. २ सप्टेंबर २०२०ला सरकारनं पब्जीवर बंदी घातली तेव्हा आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर सुतकी चेहऱ्यानं बसलेली पोरं मी पाहिलीत. ज्या गेमवर बंदी आली की पहिल्या पानावर बातमी होते आणि ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळली नाही ते आजोबाही त्यावर मत देतात, ती गेम लहान?

राहिली जाहिरातीची कसोटी. इथेही अर्धं खरं आहे. मोठी कंपनी वर्षभर ट्रेलर दाखवते आणि लोकांच्या डोक्यात तारीख बसवते. पण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीचं बघा. गाभ्यात तीन माणसं. त्यांच्या 'हॉलो नाइट : सिल्कसाँग'ची घोषणा फेब्रुवारी २०१९ची. मग वर्षानुवर्षं जवळपास शांतता. लोक वाट बघून थकले, वाट बघण्यावर विनोद करू लागले, आणि विनोदही जुने झाले. ऑगस्ट २०२५मध्ये त्यांनी अचानक सांगितलं, ४ सप्टेंबरला येतेय. हातात दोनच आठवडे. त्या सुमाराला गेम आणणाऱ्या कितीतरी छोट्या स्टुडिओंनी आपापल्या तारखा पुढे ढकलल्या. दिवाळीत मोठा हिंदी सिनेमा लागला की मराठी निर्माते थिएटर मिळेना म्हणून तारीख बदलतात ना, अगदी तसं. ४ तारखेला विक्री सुरू झाली आणि स्टीम, निंटेंडो, प्लेस्टेशन, गेम विकणारी ऑनलाइन दुकानं एकामागून एक कोलमडली. किंमत २० डॉलर. आकार ८ जीबीच्या आसपास.

फॉरवर्डच्या सहापैकी किती कसोट्यांत ही बसते? मोबाइल नाही, एवढ्या एकाच; २०१९ची घोषणा जाहिरात म्हणून धरली तर फार तर दोन. आणि त्या महिन्यात तिच्याएवढी मोठी रिलीज दुसरी दाखवा. मला विचाराल तर मोठी गेम ओळखायची ती इथे : ती आली की बाकीचे आपली तारीख बघतात का, आणि न खेळणाऱ्याच्याही कानावर ती जाते का. 'मेजर रिलीज' म्हणा की मोठ्या बजेटच्या गेमना लावतात तो 'ट्रिपल ए' शब्द म्हणा, हा काही आयएसआय मार्क नाही. कुठलीही संस्था तो छापून देत नाही. धंद्यातल्या लोकांनी आपसात बोलायला काढलेला शब्द आहे, आणि क्लासवाल्यांनी त्याचं प्रमाणपत्र करून विकायला ठेवलंय.

खरा राग त्या शेवटच्या वाक्याचा आहे, लहान गेम बनवणाऱ्याला किंमत नाही म्हणे. पुण्यात नॉडिंग हेड्स नावाचा छोटा स्टुडिओ आहे. त्यांनी २०१७मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे मागितले, ते जमले नाहीत. तरी २०२०मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' बाहेर काढली आणि त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात तिला नामांकन मिळालं. ती मेजर रिलीज होती का? नव्हती, माझ्याच कसोटीवर नव्हती, कुणी तिच्यामुळे तारीख बदलली नाही. पण पुण्यात बसून गेम शिकू पाहणाऱ्या पोराला हेच काम टाइमपास म्हणून सांगायचं आणि वर साडेचार लाख मागायचे, याला माझ्याकडे छापण्याजोगा शब्द नाही.

भाच्यानं माझ्या जुन्या लॅपटॉपवर दोन लेव्हलची गेम बनवलीय. बैल आणि खड्डे, एवढंच. दुसऱ्या लेव्हलला बैल खड्ड्यावरून उडतो आणि कधी कधी खाली उतरतच नाही. ताईला मी कळवलं की तूर्तास काही भरू नकोस, आणि क्लासला एकच विचार : तुमच्या मुलांनी बाहेर काढलेली एखादी गेम दाखवा, कितीही लहान चालेल.

तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, "मॅडम, ऑफिसला येऊन भेटा. या आठवड्यात फीमध्ये सवलत आहे."