आणि ते शीड कोणी विणलं?

व्हायकिंगांवरच्या (स्कँडिनेव्हियातल्या जुन्या दर्यावर्दी लुटारूंवरच्या) तुमच्या लेखात त्यांनी ७९३ साली इंग्लंडजवळच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर केलेला हल्ला छान रंगवलाय. पण तिथवर जहाजं नेणाऱ्या शिडांबद्दल अवाक्षर नाही. ही शिडं बहुतेक लोकरीची असत. मेंढ्यांची लोकर काढायची, टकळीवर सूत कातायचं, दगड-मातीची वजनं टांगलेल्या उभ्या मागावर विणायचं, वर वारा आरपार जाऊ नये म्हणून चरबी-डांबर चोपडायचं. यातलं कातणं-विणणं बायकांचं. जुन्या पद्धतीने जहाजाच्या प्रतिकृती करणाऱ्यांना तर जहाजाइतकीच मेहनत शिडाला लागते असं दिसलं. लुटीचा हिशेब मांडताना हे श्रम कोणी धरतच नाही!

नॉर्वेत ओसेबर्गला ८३४ साली एक अख्खं जहाज पुरलं, तेही दोन स्त्रियांसाठी. सोबत गाडी, घसरगाड्या, पलंग, स्वयंपाकाची भांडी आणि विणकामाचं सामान. व्हायकिंगांचं घर बघायचं तर ते इथे.

आणि कृपया लेखातला तो शिंगांच्या शिरस्त्राणाचा फोटो काढून टाका. ती शिंगं एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराच्या वेशभूषेने लोकप्रिय केली. नॉर्वेतच जेर्मुंडबू इथे १९४३ मध्ये सापडलेलं खरं व्हायकिंग शिरस्त्राण साधं गोल आहे, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी चौकट असलेलं.