वीस दिवस झाले, अजून झोप नाही. म्हणजे पितात का?

आमच्या बेळगावातल्या वडगाव-शहापूरकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. "दारू सोडली की सात दिवसांत अंग साफ होतं. त्यानंतरही झोप येत नाही, डोकं चालत नाही असं कुणी म्हणालं, तर तो नाटक करतोय किंवा चोरून पितोय. ज्याच्यात दम आहे तो एका दिवसात सोडतो, दवाखाना लागत नाही. नाहीच सुटली तर ताकातून पावडर द्या, त्याला कळू देऊ नका." मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या एका वहिनींनी खाली लिहिलं होतं, "भाऊजी, ह्यांना वीस दिवस झाले. रात्रभर जागे असतात. म्हणजे पितात की काय?" मला दारू सोडून पाच वर्षं झाली. त्या एका प्रश्नासाठी हे लिहायला बसलोय.

आधी दम असण्याचं बघू, कारण त्या ओळीने जीव जाऊ शकतो. ज्याला सकाळी उठल्या उठल्या लागते, त्याने घरात बसून एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमात जाऊ शकतो. नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, अंग थरथरतं. आपल्याकडे अशा वेळी 'बाहेरचं लागलं' म्हणून अंगारा लावतात आणि मोलाचे तास जातात. हा डिलिरियम आहे, तो जीवघेणा असतो आणि त्यावर इलाज आहे. दवाखान्यात बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही देतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते बऱ्याचदा फार कमी झालेलं असतं, आणि वेळेत मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. ज्याने चार-पाचदा सोडून पुन्हा धरली, त्याला सोडण्याची पुढची खेप बहुधा जास्त जड जाते. अशा माणसाला तर डॉक्टर हवाच.

आता सात दिवस. थरथर, घाम, मळमळ, धडधड बहुतेकांची आठवड्याभरात उतरते, एवढं खरं. पण मेंदूला आठवड्याचा हिशोब कळत नाही. दारू मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि चेतवणाऱ्याला दाबते. रोज असं झालं की मेंदू तोल राखायला चेतवणारी बाजू चढी ठेवायला शिकतो. दारू थांबते, चढलेली बाजू लगेच उतरत नाही. आमच्या घरी वडिलांचे माग होते. रात्रपाळी संपवून ते अंथरुणावर पडले तरी खटखट कानात चालूच असायची. हे तसंच आहे. झोप तुटणं, चिडचिड, विसरभोळेपणा, कशातच गोडी न वाटणं हे आठवडे, कधी महिने राहतं. शिवाय ते लाटांसारखं येतं. आठ दिवस बरे जातात आणि मग एक दिवस असा येतो, की सगळं पहिल्यापासून सुरू झालं असं वाटतं. मी उद्यमबागेत लेथवर आहे. तिसऱ्या महिन्यात व्हर्नियरचं, म्हणजे मोजपट्टीवरचं, माप तीनदा बघूनही लक्षात राहत नव्हतं. नोकरी जाणार असं वाटायचं. वर्ष सरेपर्यंत ते हळूहळू सुटलं.

'नाटक करतोय किंवा चोरून पितोय' ह्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. मी घरी आलो की आई तोंडाचा वास घ्यायची. बारा वर्षं मी तिला खोटं सांगितलं होतं, तिचा दोष नाही. पण चाळिसाव्या दिवशी, एक थेंब न घेता, मी 'संशय घेतातच तर पिऊनच जातो' म्हणत बारच्या पायरीपर्यंत गेलो होतो. तिथून थोरल्या बहिणीला, आक्काला फोन केला. त्या दिवसापासून आक्काने वास घेणं बंद करायला लावलं आणि रोज एकच विचारायची, "आज त्रास किती, दहापैकी?" आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. दोन महिन्यांनी बघितलं तर आठ-नऊचे दिवस विरळ झाले होते. मला स्वतःला ते कळलंच नव्हतं.

पावडरीबद्दल स्पष्टच सांगतो. अशा पुड्यांत काय असतं ते सांगता येत नाही. त्यात डायसल्फिराम असू शकतं. ते दारू सोडवायचं खरं औषध आहे, डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून आणि तपासून. न सांगता दिलं आणि तो बाहेर प्याला, तर तोंड लाल होतं, ओकाऱ्या होतात, बीपी कोसळतो, आणि हृदय कमकुवत असलं तर जीवावर बेततं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. तलफ कमी करणारी दुसरीही औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट. ती डॉक्टरांनी ठरवायची. मेडिकलमधून स्वतःहून झोपेची गोळी मात्र आणू नका. तिची सवय लागली की दुसरं व्यसन सुरू.

वहिनी, तुमचं उत्तर. विसाव्या दिवशी मीही रात्री अडीचला अंगणात चकरा मारत होतो, आणि प्यालेलो नव्हतो. जागरणावरून पिण्याचा निष्कर्ष काढू नका. दुपारी चारनंतर चहा बंद करा, झोप लागो न लागो उठायची वेळ एकच ठेवा, पोट रिकामं ठेवू नका. सुरुवातीला गोड खावंसं फार वाटतं. मी कुंदा खाऊन कित्येक संध्याकाळी काढल्या. साखरेचा आजार नसेल तर आत्ता त्यावरून टोकू नका. तलफ आली की माझी अर्ध्या तासात ओसरायची, तेवढा वेळ कुणीतरी सोबत चालावं. मरणाची भाषा बोलू लागले तर मात्र थांबायचं नाही, तेव्हाच दवाखाना गाठा. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फोन फुकट लागतो, भाषा निवडता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६.

धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे तिथल्या मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, दाखवायचं ठरलं, आणि कन्नडमधून बोलायची भीती वाटत असेल, तर मला सांगा. त्या दिवशी मी रजा टाकून सोबत येतो.