हीटर सोडा, ड्रायव्हर!

मे महिना, रविवार, दुपारचे दोन, खंबाटकी घाट. मी जीपच्या काचा खाली करून बसलोय आणि हीटर फुल्ल सोडलाय. हौसेने नव्हे. परवाचीच गोष्ट आहे, पोटऱ्या अजून चुरचुरतात.

शिरवळला आमच्या मेव्हण्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. वाईला संध्याकाळचं लग्न आणि ड्रायव्हर ऐनवेळी गायब. मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, तुम्हाला काय, सुट्टीच आहे." मास्तरला सुट्टी असते यावर उभ्या महाराष्ट्राची पांडुरंगाइतकी श्रद्धा आहे. निवडणूक आली, मास्तर. जनगणना आली, मास्तर. आता जनरेटर आला. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यातही उष्णतेचं प्रकरण माझ्याकडेच आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढे त्याचीच शोभा झाली.

तर जीप, मागे टनभर वजनाच्या जनरेटरची ट्रॉली आणि शेजारी मेव्हण्याचा एक पोऱ्या. पोऱ्या मोबाइलमध्ये.

खंबाटकीत साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्यांना बोगदा आहे. पुण्याकडून जाणाऱ्या आम्हाला मात्र घाटच चढायचा होता. त्यात सुट्टीचा रविवार म्हणजे अर्धं पुणं महाबळेश्वरला निघालेलं. दहा फूट पुढे, मग ब्रेक. पुन्हा दहा फूट. गाडी पळत असली की समोरचा वारा इंजिनचं पाणी निववणारा रेडिएटर फुकटात गार करतो. रांगायला लागली की सगळी भिस्त एकट्या पंख्यावर. मागे टनाचं ओझं, वर चढण आणि एसी चालू. एसी मीच लावला होता, कबूल. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे बसते आणि आपली सगळी गरम हवा त्याच्या तोंडावर सोडते, हे मला माहीत होतं. पण मला उकडत होतं, हेही मला माहीत होतं.

तापमानाचा काटा मधोमध होता तो उठला. तांबड्या पट्ट्याला टेकला, आणि बॉनेटच्या फटीतून अगरबत्तीसारखी एक पांढरी रेघ निघाली. मी गाडी कडेला घेतली. खरं तर कड नव्हतीच. घाटात अडलेल्या माणसाने उभं कुठं राहायचं, याचा विचार रस्ता करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. पोऱ्याने चाकांखाली दगडांची उटी लावली आणि माझा व्हिडिओ काढायला घेतला. मी इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि फडकं घेऊन रेडिएटरच्या टोपणाला हात घातला.

"ओ ड्रायव्हर! हात काढा! तोंड सोलून निघंल!"

मागच्या गाडीतून एक आजोबा उतरले होते. पायजमा, टोपी, हातात करवंदांचा द्रोण. एसटीत 32 वर्षं काढलेली. हे त्यांनी नाव सांगायच्या आधी सांगितलं. नाव मग सांगितलंच नाही.

"म्हाईत हाय का, टोपण उघडल्यावर काय हुतंय?"

आता मला विचारलंत! टोपणाने आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट चढवून ठेवलेला असतो, म्हणून पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. टोपण काढलं की दाब क्षणात खाली येतो आणि तेवढंच तापलेलं पाणी भसकन वाफ होऊन अंगावर येतं. दरवर्षी मी हे फळ्यावर लिहितो. पण फळ्यातून वाफ येत नाही. मी म्हणालो, "नाही, काय होतं?"

आजोबा खूश झाले. एक करवंद तोंडात, एक मुद्दा, मग बी थू करून दरीत, असा त्यांचा क्रम होता. त्यांनी रेडिएटरच्या बाजूच्या बाटलीत पाण्याची रेघ पाहिली, "पाणी हाय अजून" म्हणाले, आणि इंजिन परत चालू करायला लावलं. पाणी फिरायचं थांबलं तर आतली ऊब जाणार कुठं? थू. चढाला वरच्या गिअरमध्ये गाडी ढकलत आणलीत, आवाजावरनंच कळत हुतं. खालचा गिअर घ्यायचा, इंजिन जरा फिरतं ठेवायचं, म्हंजे पंप आन पंखा बी जोरात फिरतो. थू. एसी बंद. आणि आता हीटर सोडा.

"हीटर?"

"फुल्ल. आन आत बसा. थोडी रेस धरा."

हीटर म्हणजे दुसरं काही नाही, डॅशबोर्डच्या मागे बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती उष्णता गाडीत फेकतो. म्हातारा शंभर टक्के बरोबर होता. मला सगळ्यात जास्त तेच झोंबलं. बटण फिरवल्यावर आधी दोन वर्षांची धूळ आली, मग वाळका पाला, आणि मग भडभुंज्याच्या भट्टीतून यावी तशी हवा. इंजिनपेक्षा मीच जास्त तापलो. शेजारून सरकणाऱ्या गाड्यांतली पोरं काचेला नाक लावून बघत होती. एका बाईंनी काच खाली करून आस्थेने विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"

आजोबा या वेळात जीपच्या तोंडाशी उभे. तिथे पुढच्या जाळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मेव्हण्याने धंद्याचा फ्लेक्स ताणून बांधलाय. त्यावर गॉगल लावलेला मेव्हणा, चार झुंबरं आणि फोन नंबर. आजोबांनी त्यावर कोपर टेकलं, मजकूर मोठ्याने वाचला, करवंदाचा डाग पडला तो बोटाने पुसला आणि म्हणाले, "फ्लेक्स झ्याक हाय." मग तिथल्या तिथे खिशातून मोबाइल काढून त्यांनी नंबर लावला. मी त्या नंबरावर तीनदा फोन करून थकलो होतो. त्यांचा दुसऱ्या रिंगला उचलला.

"नातवाचा साखरपुडा हाय. दीडशे मान्सं. कमान, खुर्च्या, जनरेटर... व्हय, जनरेटर बघतोय की समोर. घाटात हाय. न्हाई न्हाई, चांगला हाय जनरेटर. ड्रायव्हर नवीन दिसतोय तुमचा."

मी आतून ओरडलो, "मी दाजी आहे त्याचा!" हीटरच्या घरघरीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. पुढची दहा मिनिटं झालरीचा रंग ठरत होता.

काटा उतरला, हे मान्य करायला हवं. अर्ध्या-पाऊण तासाने टोपण हाताला सोसेल इतकं झालं, तेव्हा फडकं धरून हळूहळू सैल केलं आणि थोडं थोडं पाणी घातलं. पाणी विकतचं. बाटलीवर 20 छापलेले, घाटात 30. मी छापील किंमत दाखवली तर विक्रेता म्हणाला, "मग छापलंय तिथनं घ्या." अशा सहा बाटल्या. तहान लागली होती मला, प्यायली जीप.

आजोबा जाताना म्हणाले, "पुढच्या टायमाला नीट चालवा, ड्रायव्हर," आणि उरलेली चार करवंदं माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. गोड होती, त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी वाईच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीने बॉनेट उघडायच्या आधी फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. "गाडीच्या तोंडावर उशी दाबलीय आन वर घाट चढवताय व्हय?" मग खालचा पाइप सोडला, तर आतून चहाच्या रंगाचं पाणी. रेडिएटरच्या पाण्यात घालायचं कुलंट हे कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे, असं मेव्हण्याचं मत असल्याने जीपला आजवर बोअरचंच पाणी मिळालेलं. घरातल्या गिझरच्या कॉइलवर क्षार चढतात तसे रेडिएटरच्या नळ्यांत चढलेले, वर गंज. घाटातल्या 30 रुपयांच्या बाटल्यांतलं पाणी हे त्या बिचारीच्या आयुष्यातलं पहिलं स्वच्छ पाणी असावं. रेडिएटर साफ, नवीन टोपण, निम्मं कुलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. पैसे मी दिले, कारण मेव्हण्याचा फोन पुन्हा लागेना.

रात्री लागला.

"दाजी, फ्लेक्स कुठाय?"

"गॅरेजमध्ये. कापला."

बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "अहो, त्याच्यावरनंच तर कालची ऑर्डर आली!" रेडिएटरच्या बिलाचा विषय मी दोनदा काढला, दोन्ही वेळा रेंज गेली. तिसऱ्यांदा आवाज आला तो असा: साखरपुडा मेढ्याला आहे, गिऱ्हाइकाने जनरेटर सकाळीच मागितलाय, आणि ड्रायव्हर अजून सापडलेला नाही.

"दाजी, 14 तारखेला तुम्ही..."

माझ्याकडची रेंज गेली.