पोटखराबा

डबा पेढ्यांचा होता, एवढीच माझी चूक.

मागच्या शुक्रवारी भाचीच्या वाढदिवसाला पुण्याहून दादरला निघाले होते. डब्यात कापसावर कागदाचा गेंड्या भुंगा होता. चार संध्याकाळी गेल्या होत्या त्यात. स्वयंपाकघरातल्या फॉइलला दोन्ही बाजूंनी पातळ टिश्यू चिकटवून केलेला 40 सेंटिमीटरचा चौकोन, कात्री अजिबात न लावता, नुसत्या घड्या घालून तळहाताएवढा करायचा. शिंग, दोन मिशा, सहा पाय.

"पेढे का?" समोरच्या काकांनी विचारलं. उघडून दाखवला.

"अरे, गेंड्या भुंगा! माडाचा कर्दनकाळ. आमच्याकडे तार घालून ओढून काढतो मेल्याला."

ओळखला! एरवी लोक झुरळ म्हणून मोकळे होतात. मी इतकी विरघळले, की लोणावळा येईपर्यंत माझं व्याख्यान चाललं. ओरिगामीतल्या, म्हणजे कागदाच्या घड्यांच्या कलेतल्या, पूर्वीच्या पक्ष्याच्या घडीतून मोठी टोकं चारच निघायची. बगळ्याला पुरली, किड्याला कुठून पुरणार? मग 1990च्या दशकात जपानी आणि अमेरिकी घडीबहाद्दरांत जास्तीत जास्त पाय-शिंगं काढायची चढाओढ लागली. रॉबर्ट लँग नावाच्या लेझरवाल्या भौतिकशास्त्रज्ञानं त्याचं गणित मांडलं. प्रत्येक पायाला कागदावर एक वर्तुळ. पायाची लांबी तेवढी त्रिज्या. वर्तुळं एकमेकांवर चढायची नाहीत. मधून पाय काढला तर अख्खं वर्तुळ खर्ची पडतं, कडेवरून अर्धं, कोपऱ्यातून पाव.

"म्हणजे कोपऱ्याचा प्लॉट स्वस्तात पडतो," काका म्हणाले. निवृत्त भूकरमापक निघाले. "सोपं आहे हो. सहा पाय म्हणजे सहा वारस. मिशा म्हणजे हक्कसोड न दिलेल्या दोन बहिणी. आणि वर्तुळांच्या मधली जागा?"

"ती उरते. किड्याच्या पोटात दडपायची."

"पोटखराबा!" त्यांनी मांडीवर थाप मारली. शेतातल्या लागवडीला न येणाऱ्या जमिनीला मोजणीवाले तसं म्हणतात.

मला ही गोष्ट समजायला दोन वर्षं लागली होती. बहिणींचा विनोद मात्र मला फारसा रुचला नाही. वडिलांच्या घराच्या हक्कसोडपत्रावर मीही सही केलीय. 'तुला काय कमी आहे' असं सगळे म्हणाले म्हणून केली. त्या दिवशी जेवायला श्रीखंड होतं. असो, भुंग्याकडे येते.

"त्या लँगनं 2001 मध्ये नोकरी सोडली, पूर्णवेळ घड्याच घालतो," मी म्हटलं.

"बायको काय म्हणाली?"

"मला काय माहीत?"

"आणि तुमचे हे काय म्हणतात? चार संध्याकाळी स्वयंपाक कोणी केला?"

लँगला हा प्रश्न कोणी विचारत नसणार. मी उठून दाराशी चहावाला शोधायला गेले. नुसती उठले नाही, डबा त्यांच्या स्वाधीन करून गेले. शिकलेली बाई!

परत आले तर काकांच्या मांडीवर चौकोनी कागद अंथरलेला. अंगठ्यानं इस्त्री चालली होती.

"मोजणी बरोबर आहे का बघत होतो. नकाशा एकदम चोख. हद्दी तंतोतंत जुळतात."

"काका, तो भुंगा होता."

"मग घाला की परत. घड्या आहेतच ना!"

त्यांना कसं सांगू, की सपाट मिटणाऱ्या घड्यांच्या कागदाच्या आतल्या प्रत्येक सांध्यावर डोंगर, म्हणजे वर आलेल्या घड्या, आणि दऱ्या, म्हणजे खाली गेलेल्या, यांच्या संख्येत बरोबर दोनचा फरक असतो, आणि काकांनी अंगठ्यानं डोंगर-दऱ्या सारख्याच भुईसपाट केल्या होत्या? कुठली रेघ वर, कुठली खाली, काही कळेना. तीन सांध्यांवर टिश्यू फाटून फॉइल चमकत होतं. शिवाय बॉलपेननं आकडे. पायांच्या तुकड्यांवर गट 1 ते गट 6, शिंगावर 'गावठाण', मधे दोन-तीन ठिकाणी सुबक अक्षरात 'पो.ख.' राग येऊनही अक्षर चांगलं होतं हे मान्य करावं लागतं.

कर्जतला त्यांनी मला वडापाव खाऊ घातला. भरपाई म्हणून नाही, आपुलकीनं. त्यामुळे भांडताही आलं नाही.

भाचीनं डबा उघडला आणि किंचाळलीच, "आत्या, खजिन्याचा नकाशा!" भुंग्याचं मी नाव काढलं नाही. भाऊ चष्मा लावून कागद निरखत होता. मिशांच्या जागी बोट ठेवून म्हणाला, "हे ब-1, ब-2 काय आहे गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "केक काप."