खुलासा : 'क्राइम सीन क्लीनर'ची सरकारी भरती

'नाशिक पोलिसांत क्राइम सीन क्लीनरची भरती, दहावी पास चालेल, आधी प्रमाणपत्राचे पैसे भरा' असा मेसेज सिडको-सातपूरच्या ग्रुपांवर फिरतोय. पैसे भरू नका. पोलीस दलात असं, म्हणजे गुन्ह्याची जागा धुऊन साफ करणाऱ्याचं, पदच नाही.

गोंधळ बहुधा इथे होतो : घटनास्थळ तपासणं वेगळं, धुणं वेगळं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे असतात. ती विज्ञान पदवीधरांची वाट. नाशिकच्या दिंडोरी रोडवरची न्यायवैद्यक प्रयोगशाळा त्यातलीच. पंचनामा होऊन पोलिसांनी जागा मोकळी करेपर्यंत फडका लावायचा नाही. पुरावा मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्यायसंहितेच्या कलम २३८ खाली गुन्हा आहे.

मग रक्त पुसतं कोण? बहुतेक वेळा घरचेच, नाहीतर रोजंदारीवर आणलेला कुणीतरी, तोही साध्या फिनेलवर. (हे लिहितानाही लाज वाटते.) अमेरिकेत हा खासगी धंदा आहे. तिथेही पदवी लागत नाही. रक्तातून पसरणाऱ्या रोगांबाबतचं प्रशिक्षण मात्र १९९१च्या नियमाने सक्तीचं आहे.

इथे खरंच उतरायचं असेल तर खासगी सफाई कंपनीतून किंवा रुग्णालयाच्या हाउसकीपिंगमधून सुरुवात करा. रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस-बी या काविळीवरच्या लशीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात. जाड हातमोजे, गॉगल, सोडियम हायपोक्लोराइट (जंतू मारणारं ब्लीच) हाताळायची सवय तिथेच लागते. हायपोक्लोराइटमध्ये ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.