वाचलेला वेळ जातो कुठे?
घरून काम करण्याबद्दलचा एक लेख नुकताच वाचला. घरून काम केलं की प्रवासाचे दोन तास वाचतात, असं त्यात म्हटलंय. वाचतात खरे, पण माझे तरी कामातच जिरतात. सकाळी दात घासता घासता पहिली मेल उघडलेली असते आणि रात्री साडेनऊला ‘एकच मिनिट’ म्हणून आलेला कॉल पाऊण तास चालतो. लॅपटॉप मिटला तरी तिथेच, जेवणाच्या ताटाशेजारी.

घरून केलेल्या कामाचा दर्जा घसरतो, हे लेखातलं म्हणणं मात्र पटलं नाही. चीनमधल्या सीट्रिप या प्रवासाची बुकिंग करणाऱ्या कंपनीत २०१०-११ मध्ये अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडणारेही निम्म्यावर आले. (काम कॉल सेंटरचं, प्रत्येक कॉल मोजता येणारा, सगळीकडे हेच होईल असं नाही.) गंमत म्हणजे प्रयोग संपल्यावर त्यातले जवळपास निम्मे ऑफिसात परतले. एकटेपणा नको झाला! शिवाय कामाच्या मानाने बढत्याही कमीच मिळाल्या. समोर दिसेल तोच साहेबांच्या लक्षात राहतो.

नवीन लागलेल्या पोरांचे हाल तर विचारू नका. शेजारी मान वळवून ‘हे कसं करायचं?’ विचारायची सोयच नाही, त्यासाठीही मीटिंग लावा. मला विचाराल तर आठवड्यातून दोन दिवस घर, बाकी ऑफिस.